हत्ती नापास झाला की प्रयोग?

संस्कृतात 'हस्तिन्' म्हणजे हात असलेला. आपला 'हत्ती' त्याच शब्दावरून आला. शब्द सुरेख आहे, पण हत्तीच्या बुद्धीवर प्रयोग मांडणाऱ्याला चकवणारा. सोंड हात आहे खरी, पण आधी ती नाक आहे.

काठीचंच बघा. उंचावर फळ टांगायचं, खाली काठ्या ठेवायच्या आणि प्राणी काय करतो ते पाहायचं, ही पद्धत चिंपांझींवरून आली. चिंपांझी काठी उचलतो तेव्हा त्याचे डोळे मोकळे असतात. हत्तीने सोंडेचं टोक काठीभोवती गुंडाळलं, की ज्या अवयवाने तो अन्नाचा माग काढतो तोच अडकून पडतो. एरवी फांदी उचलून माश्या हाकणारा, अंग खाजवणारा हत्ती इथे मात्र काठीला हात लावत नाही, आणि शेरा पडतो: युक्ती सुचत नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातल्या कंदुला या सात वर्षांच्या आशियाई हत्तीनेही फळासाठी काठ्या वापरल्या नाहीत. पण त्याला चढून उभं राहता येईल असा मोठा ठोकळा दिल्यावर, काही सत्रं नुसती गेल्यानंतर, त्याने एके दिवशी तो ढकलत फळाखाली आणला आणि पुढचे पाय त्यावर ठेवून सोंड वर केली. पुढे ठोकळा नजरेआड ठेवला तरी तो शोधून आणू लागला. हे काम 2011 मध्ये प्रसिद्ध झालं.

आरशाचीही तीच गत. 1970 मध्ये मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींना दहा दिवस आरशाची सवय होऊ दिली, मग भूल देऊन भुवईवर आणि कानावर लाल रंग लावला. वास नसलेला, वाळल्यावर जाणवणार नाही असा. आरसा पाहून प्राणी आरशाला नव्हे, स्वतःच्या कपाळाला हात लावतो का, म्हणजे आरशात स्वतःला ओळखतो का, एवढाच प्रश्न. 1989 मध्ये हत्तींसमोर आरसा ठेवला गेला तो लहान आणि गजांच्या पलीकडे. कुणीच खुणेला सोंड लावली नाही. 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात सुमारे अडीच मीटर लांबी-रुंदीचा आरसा थेट आवारात बसवला, म्हणजे हत्तींना तो हुंगता येईल, मागे काय आहे ते तपासता येईल. कपाळाच्या एका बाजूला पांढरी फुली, दुसऱ्या बाजूला तसाच पण न दिसणारा रंग. ही खोटी खूण वगळली तर सगळा प्रयोग वाया, कारण सोंड रंगाच्या वासाने किंवा ओलसरपणाने तिकडे गेली की आरशामुळे, हे सांगताच येत नाही.

ब्राँक्समधल्या तीन हत्तिणींपैकी हॅपी एकटीच उत्तीर्ण झाली. उरलेल्या दोघींना 'स्व' नाही, असं म्हणायला मी धजावणार नाही. रोज अंगावर चिखल उडवून घेणाऱ्या प्राण्याला कपाळावरच्या डागाचं काय कौतुक! गोरिलाचं वेगळंच. रोखून बघणं त्याच्याकडे धमकी समजली जाते, तेव्हा तो आरशातल्या चेहऱ्याकडे नीट पाहीलच असं नाही.

आता उलट बाजू. प्राणी उत्तीर्ण झाला की संशय कमी करायचा नसतो, वाढवायचा असतो. दोन झाकलेल्या बादल्यांपैकी एक निवडायची असेल, तर हत्तीच्या बाबतीत रिकाम्या बादलीलाही अन्नाचा वास हवा: दुसऱ्या कप्प्यात तेवढंच अन्न, जे हाती लागणार नाही. बरोबर बाजू यादृच्छिक ठेवा, पण लागोपाठ तीनपेक्षा जास्त वेळा एकच बाजू नको, आणि दोन्ही बाजू समसमान. म्हणजे डावीकडेच जायची खोड असलेला प्राणी 12 फेऱ्यांपैकी नेमक्या 6 वर अडकतो आणि ओळखू येतो. नुसत्या अंदाजाने 12 पैकी 10 किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे 2 टक्के. वीस प्राणी तपासले, तर त्यांतला एक तरी नशिबाने तिथे पोचण्याची शक्यता मात्र 32 टक्क्यांवर जाते. 'एक हुशार निघाला' अशी बातमी वाचताना हे आठवावं. नकळत इशारा जाऊ नये म्हणून माहूत किंवा रखवालदाराने तोंड फिरवून उभं राहायचं. उत्तर त्याला माहीतच नसेल तर उत्तम.

थायलंडमधला दोरीचा प्रयोग, तोही 2011 मधला, मला या बाबतीत नमुनेदार वाटतो. सरकत्या फळीला एकच दोर ओवलेला, दोन्ही टोकं दोन हत्तींपुढे. एकट्याने ओढलं तर दोर निसटून येतो, फळी जागची हलत नाही. एकाला आधी सोडायचं आणि जोडीदाराला उशिरा, हळूहळू 45 सेकंदांपर्यंत. हत्ती थांबले. पण 'शेजारी कुणी आलं की ओढ' एवढ्या साध्या नियमानेही थांबता येतं! म्हणून जोडीदार हजर, पण त्याचं टोक त्याला मिळणार नाही, अशाही फेऱ्या घेतल्या. त्यांत ओढणं कमी झालं. एका तरुण हत्तिणीने तर आपल्या टोकावर नुसता पाय ठेवला आणि ओढायचं काम जोडीदारावर सोडलं. हे शिकवलं कुणी नव्हतं.

बक्षीस नसलेले प्रयोग जास्त स्वच्छ असतात. 2016 मध्ये चिंपांझी, बोनोबो आणि ओरांगउटान यांना छोट्या चित्रफिती दाखवल्या. किंगकाँगच्या वेशातला माणूस एका जागी लपतो, आणि त्याला शोधणारा पाहत नसताना तिथून निघून जातो. शोधणारा चुकीच्या जागी जाईल, याचा अंदाज कपींची नजर आधीच देते का, हे इन्फ्रारेड यंत्राने टिपलं; बऱ्याच जणांच्या नजरेने तो दिला. डोकं स्थिर राहावं म्हणून समोरच्या नळीतून रस पाजत होते, आणि तो कुठेही पाहिलं तरी मिळत होता.

हत्तींसाठी असाच प्रयोग केनियातल्या अंबोसेलीत झाला, मूत्राने भिजलेल्या मातीवर. कळपातल्या एकीने मूत्र सोडलं की ती माती उचलायची, गाडीने वळसा घालून कळपाच्या वाटेवर पुढे ठेवायची आणि कोण किती हुंगतं ते मोजायचं. मागून येणाऱ्या हत्तिणीचा वास पुढे सापडला, तर बाकीच्या जास्त वेळ घुटमळायच्या: ती तर मागे आहे, मग हे इथे कसं? अर्थात कळपाने मध्येच दिशा बदलली, की ती फेरी गेली.