भोपळ्याचे पहिले मादी फूल

गेले दोन आठवडे गच्चीवरच्या लाल भोपळ्याच्या वेलावर रोज पिवळी फुले उमलून गळत होती आणि वेलाला रोग झाला असावा, अशी धास्ती मला वाटत होती. प्रत्यक्षात ती सारी लांब, बारीक देठांची नर फुले होती. वेलावर बहुधा आधी तीच येतात. आज पहाटे मात्र पाकळ्यांखाली सुपारीएवढा हिरवा, तुकतुकीत भोपळा (किती देखणा!) असलेले पहिले मादी फूल उमलले. इथे मधमाश्या क्वचितच येतात, म्हणून ताज्या नर फुलाच्या पाकळ्या काढून त्यातील पुंकेसर मी मादी फुलाच्या कुक्षीवर (मधोमध असलेल्या, पराग झेलणाऱ्या भागावर), तिच्या सर्व भागांना पराग लागतील अशा बेताने, अलगद फिरवले. दुपारपूर्वीच फूल मिटते, आणि परागीभवन झाले नाही तर ते इवले फळ काही दिवसांत पिवळे पडून गळते. आता रोज सकाळी आधी त्यालाच पाहीन.