तुम्ही विचारलेत म्हणून : डेव्हऑप्ससाठी कोडिंग किती यावे?

सपोर्टमधून किंवा मॅन्युअल टेस्टिंगमधून डेव्हऑप्सकडे, म्हणजे सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवणे आणि ते चालू ठेवणे या कामाकडे, वळू पाहणारी मुले मला नेहमी एकच प्रश्न विचारतात : "सर, कोडिंग किती यायला हवे?" त्यांना 'अजिबात नको' हे उत्तर हवे असते, कारण क्लासच्या जाहिरातीत तसेच छापलेले असते. ते उत्तर मी देत नाही. मात्र 'डेव्हलपरइतके हवे' हेही माझ्या तोंडून निघत नाही, आणि त्यामागे मी दिलेली एक मुलाखत आहे.

पुण्यातल्या एका प्रॉडक्ट कंपनीची ती ऑनलाइन मुलाखत होती. क्युबरनेटीस (अनेक सर्व्हरवर ॲप्लिकेशन्स चालवणारी प्रणाली) आणि टेराफॉर्म (सर्व्हर वगैरे कोडमधून उभारणारे साधन) यांवरच्या फेऱ्या व्यवस्थित पार पडल्या होत्या. शेवटच्या फेरीत समोरच्या इंजिनिअरने स्क्रीन शेअर करायला लावून प्रश्न घातला : कोणती सर्व्हिस कोणावर अवलंबून आहे याच्या जोड्या दिल्या आहेत, तर सगळ्या सर्व्हिस कोणत्या क्रमाने सुरू कराव्यात ते काढणारा प्रोग्राम लिहा. मी टर्मिनल उघडले, 'डीबी एपीआय', 'एपीआय वेब' अशा जोड्या एकेका ओळीवर लिहिल्या आणि टीसॉर्ट या कमांडला दिल्या. क्रम लगेच आला. मुद्दाम 'वेब डीबी' ही जोडी वाढवली, तेव्हा यात लूप आहे हेही तिने सांगितले. "कमांड नको, कोड लिहा," ते म्हणाले. पायथनमध्ये ३.९ आवृत्तीपासून याच कामाचे ग्राफलिब मॉड्यूल आहे, असे मी म्हटले. "लायब्ररी न वापरता." त्यानंतर मी जे लिहीत गेलो ते वेळ संपेपर्यंत चालले नाही, एकच ओळ मी खोडत होतो आणि पुन्हा तीच लिहीत होतो, आणि ते त्यांना दिसत होते. नकाराची मेल त्याच संध्याकाळी आली.

हा निव्वळ अन्याय आहे, असे मी पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत असे. आज त्या रागाशी माझे पूर्ण जमत नाही. टेराफॉर्मसुद्धा अवलंबित्वाचा असाच ग्राफ बांधून कोणते रिसोर्स आधी बनवायचे ते ठरवते, म्हणजे प्रश्न आमच्या कामाबाहेरचा नव्हता. तरीही तो अल्गोरिदम, म्हणजे टोपोलॉजिकल सॉर्ट, हाताने लिहिता न येणारा माणूस हे काम करू शकत नाही, हे मला मान्य नाही.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. गूगलने २००३ मध्ये ऑपरेशन्स, म्हणजे चालू सिस्टिम सांभाळण्याचे काम, सॉफ्टवेअर इंजिनिअरांकडे सोपवून त्याला एसआरई (साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग) म्हटले, पण तिकिटे (नोंदवलेल्या विनंत्या), बिघाडासाठी ऑन-कॉल राहणे आणि हाताने करायची कामे यांत त्यांचा ५० टक्क्यांहून अधिक वेळ जाऊ नये, अशी मर्यादाही घातली. आपल्याकडच्या अनेक कंपन्यांनी मुलाखत तेवढी उचलली आणि मर्यादा सोडून दिली. मुलाखतीत बायनरी ट्री उलटा करण्याचे ठरलेले कोडे सोडवून दाखवणारा माणूस रुजू होतो आणि दिवसभर ॲक्सेसची तिकिटे बंद करत बसतो.

मी स्वतः मुलाखत घेतो तेव्हा बॅकअपच्या बॅश स्क्रिप्टमधली एक ओळ दाखवतो : पीजी-डंपचे (पोस्टग्रेस डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) आउटपुट पाइपने जीझिपला (ते आकाराने लहान करणारी कमांड), आणि तिथून फाइलमध्ये. डंप मध्येच फसला तर काय होईल? पाइपलाइनचा निकाल शेवटच्या कमांडवर ठरतो. जीझिप यशस्वी, म्हणून जॉब हिरवा, आणि अर्धवट बॅकअप रोज निमूटपणे साठत राहतो. 'पाइपफेल' (कोणतीही कमांड फसली की पूर्ण पाइपलाइन फसली असे धरणारा) हा पर्याय ठाऊक नसला तरी चालेल, पण इथे पाणी मुरते आहे हे ज्याला जाणवते त्याला मी पुढच्या फेरीत पाठवतो. एवढे कोडिंग हवेच, क्लासवाले काहीही म्हणोत.

फक्त एक गोष्ट मला अडचणीत टाकते : हा दोष आजवर सर्वांत चटकन पकडला तो आधी जावा लिहिणाऱ्या एका डेव्हलपर मुलीने, आणि तिने तो टोपोलॉजिकल सॉर्टही सहज लिहिला असता.