लुबिनची बॉक्सिंग आणि सावेदादांची कुस्ती

अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या व्हॅली फोर्जच्या नदीपलीकडे बेट्झवूड आहे. आम्ही नेहमी चालायला जातो तिथे. याच परिसरात १९१२ मध्ये तब्बल ३५० एकरांची जमीन घेऊन एका माणसानं सिनेमाचा कारखाना थाटला होता, हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

सिगमंड लुबिन. जर्मनीहून आलेला ज्यू, फिलाडेल्फियात चष्म्यांचं दुकान. भिंगांशी रोजचा संबंध होताच. १८९७ मध्ये तो सिनेमात उतरला. सुरुवातीला आपलाच घोडा चारा खाताना टिपला. मग त्या वर्षीची कॉर्बेट-फिट्झसिमन्सची गाजलेली बॉक्सिंग! खऱ्या सामन्याच्या चित्रणाचे हक्क दुसऱ्याकडे, म्हणून यानं रेल्वेचे दोन हमाल उभे केले, पेपरातलं वर्णन वाचून दाखवत एकेक फेरी तशीच लढवून घेतली आणि ते चित्रण बाजारात आणलं. फ्रेंच दिग्दर्शक मेलिएसच्या चंद्रसफरीच्या चित्रपटाचीही सरळ नक्कल विकली. एडिसननं कोर्टात खेचलं तेव्हा काही काळ जर्मनीला निघून गेला आणि पुढे १९०८ मध्ये त्याच एडिसनच्या, सिनेमाची पेटंटं हातात ठेवणाऱ्या कंपूत सामील झाला. चित्रपट काढायचा तो, प्रोजेक्टर विकायचा तो, थिएटरंही त्याचीच.

धडाडी मला मान्य आहे. पण आपल्या सावेदादांना इथं कोण ओळखतं? हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबईतले फोटोग्राफर. लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर कुस्ती टिपली. खरे पैलवान, खरी झोंबी. फिल्म धुवायला परत लंडनला पाठवावी लागायची, तरी नाद सोडला नाही. पुढे त्यांनीही गेयटी थिएटर सांभाळलं. भांडवल आणि बाजारपेठ लुबिनसारखी असती, तर काय केलं असतं या माणसानं!

एका गोष्टीपुढे मात्र मी मान तुकवतो. इथल्याच ब्लू बेल गावच्या कम्युनिटी कॉलेजनं, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजसारख्या संस्थेनं, बेट्झवूडच्या चित्रपटांचा संग्रह जपलाय. गावात घडलेलं गावानं सांभाळायचं, हे त्यांना साधलं. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पी. के. नायर यांनी फाळक्यांची उरलीसुरली रिळं मिळवून जपली, याचा मला अभिमानच आहे. पण बाबूराव पेंटरांच्या मूकपटांसाठी कोल्हापुरातल्या एखाद्या कॉलेजनं असंच एक दालन का उघडू नये?

आणि ‘भारतीयांना जपता येत नाही’ असं कुणी म्हणालं, की मी १३ जून १९१४ ची आठवण करून देतो. त्या दिवशी लुबिनच्या फिलाडेल्फियातल्या कोठारात चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मचा स्फोट झाला आणि वर्षानुवर्षांच्या निगेटिव्ह जळाल्या. पाठोपाठ महायुद्धानं युरोपचा बाजार बंद झाला, दोन वर्षांत कंपनी बुडाली, लुबिन पुन्हा चष्म्यांकडे वळला आणि १९२३ मध्ये गेला. अमेरिकेतलेही बहुतेक मूकपट आज नाहीतच.