त्याने सुरू केलं, की तो दचकला?

कारखान्यांतल्या अपघातांचे इंग्रजी जबाब मराठीत होऊन माझ्याकडे तपासायला येतात. भाषांतर दुसऱ्या कुणाचं. मी मुळाशी ताडून पाहते. परवा एका जबाबात वाक्य होतं, ‘ही स्टार्टेड व्हेन आय टच्ड हिज शोल्डर.’ समोर मराठी, ‘मी खांद्याला हात लावताच त्याने मशीन सुरू केलं.’

वाचताना कुठेही अडखळायला होत नाही. पण मूळ वाक्यात मशीन नाहीच! हात लागताच तो माणूस दचकला, एवढंच साक्षीदार सांगतोय. पुढच्या वाक्यात त्याचं कोपर लिव्हरवर आदळतं. ‘तो दचकला’च्या जागी ‘त्याने सुरू केलं’ आलं आणि अपघाताचा दोष थेट जखमी माणसावर गेला.

त्याच जबाबात संरक्षक जाळीचे दोन बोल्ट ‘हॅड स्टार्टेड’ होते. मराठीत ते ‘सुरू झाले’ होते. ही चूक कुणाच्याही नजरेत भरते. बोल्ट सैल होऊन वर आले होते. पहिल्या चुकीचा अर्थ मात्र छान लागतो, त्यामुळे ती निसटते.

खरं तर स्टार्टचा जुना अर्थ उसळणं, दचकून हलणं हाच. स्टार्टल त्याच कुळातला. आरंभाचा अर्थ बराच नंतर आला, आणि तोही एका मराठी शब्दात मावत नाही. प्रवासाला आपण निघतो, आग लावतो, अफवा उठवतो, मूल रडू लागतं. इंग्रजीतही बिगिन आणि स्टार्ट सगळीकडे अदलाबदल होत नाहीत: इंजिन स्टार्ट होतं, बिगिन होत नाही. करारात कमेन्स भेटतं, ते घरात कुणी बोलत नाही.

आमच्या शब्दसूचीत मात्र स्टार्टपुढे एकच नोंद, ‘सुरू करणे’, आणि तिला कुलूप. मी ‘दचकला’ लिहिलं तेव्हा प्रणालीने लाल खूण दाखवली: मान्य प्रतिशब्द वापरलेला नाही. चुकीच्या वाक्यावर एकही खूण नव्हती. अशी सूची बनवणाऱ्यांनी एखादा जबाब तरी सलग वाचलेला असतो का, अशी मला शंका आहे. भाषांतरकाराला मी फारसा दोष देत नाही. शब्दागणिक मोबदला आणि लाल खुणांवर गुण कापले जात असतील, तर माणूस सूचीच पाळणार.

मला छळतंय ते वेगळंच. हे वाक्य भाषांतरस्मृतीतून (जुनी भाषांतरं साठवून ठेवणाऱ्या संगणकीय साठ्यातून) शंभर टक्के जुळणी म्हणून, म्हणजे मूळ इंग्रजी वाक्य तंतोतंत तेच असल्याने जसंच्या तसं, आलं होतं. म्हणजे ते आधीच्या एका फाइलीत होतं, आणि ती फाइल पुढे गेलेली आहे. शंभर टक्के जुळणीला पैसे जवळजवळ मिळत नाहीत, म्हणून ती सहसा कुणी उघडत नाही. मी उघडते.

समन्वयक म्हणाल्या, ‘ग्राहकाची तक्रार नाही ना? मग राहू दे.’ ज्याला मूळ इंग्रजी वाचता येत नाही तो तक्रार कशाची करणार? मी दोन्ही वाक्यं समोरासमोर मांडून लेखी कळवलं: जुनी फाइल परत मागवा, दुरुस्त प्रत पाठवा, ती नोंद उघडा. सूचीचं कुलूप निघालं. जुन्या फाइलीबद्दल अजून उत्तर नाही. उद्या मी पुन्हा विचारणार आहे.