भाऊसाहेब ते तहसीलदार मॅडम, मधली 25 वर्षं

गेल्या महिन्यात माझ्या तालुक्यात 4 नवीन तलाठी रुजू झाले. आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात अजून तलाठीच म्हणतात आणि माझ्याही तोंडात तेच बसलंय. त्यातली एक मुलगी, असेल 24-25 ची, सजाचा, म्हणजे तिच्याकडच्या गावांचा, चार्ज घ्यायच्या आधी भेटायला आली आणि उठता उठता म्हणाली, मॅडम तुम्हीपण तलाठीच होता ना, मग या तहसीलदाराच्या खुर्चीपर्यंत यायला किती वर्षं लागली? मी सांगितलं 25. तिचा चेहराच उतरला. बाहेर दाखल्यासाठी, रस्त्याच्या केससाठी, रेशनकार्डासाठी 30-40 लोक थांबलेले, त्यामुळे तिला नीट काही सांगताच आलं नाही, ते मनात राहून गेलं म्हणून लिहितेय. गावांची, तालुक्यांची नावं मुद्दाम घालत नाहीये, माणसं ओळखीची आहेत.

मी 1999 ला लागले. सजा म्हणजे 3 गावं, दुष्काळी पट्टा, एका गावात चावडीची खोली होती, बाकी दोन गावांत कुणाच्या तरी ओट्यावर बसायचं. एक लोखंडी पेटी आणि त्यात दप्तर. तेव्हा आमच्या भागात बाई तलाठी फारशा नव्हत्या, लोकांना सवयच नाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यात एक म्हातारे आजोबा आले आणि सरळ म्हणाले, भाऊसाहेब माझा उतारा द्या. कोतवाल मामा म्हणाले अहो बाई आहेत त्या, तर आजोबा म्हणाले असू दे की, भाऊसाहेबच आमच्या. मला ते इतकं भारी वाटलं काय सांगू, पुढे 12 वर्षं निम्मं गाव मला भाऊसाहेबच म्हणायचं.

खरं काम मला त्या कोतवाल मामांनी शिकवलं. ट्रेनिंगमध्ये गाव नमुने, म्हणजे गावच्या महसुली नोंदवह्या, 1 ते 21 पाठ करून घेतात, नमुना 7 म्हणजे मालकी आणि 12 म्हणजे पिकं, दोन्ही मिळून सातबारा, 8अ म्हणजे खातं, 6 म्हणजे फेरफार, जमिनीच्या नोंदीतले बदल. पण कुठल्या गटात विहीर कागदावर आहे आणि जमिनीवर नाही, कुठला बांध दरवर्षी नांगराच्या एका तासाने सरकतो, कोणते दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत पण तलाठ्यापुढे आले की एक होतात, हे कुठल्या नमुन्यात नसतं. ते मामांना तोंडपाठ होतं. पीक पाहणीला आम्ही दोघं पायी फिरायचो, मामा पुढे आणि मी वही घेऊन मागे.

आता वर जायचा रस्ता कसा असतो ते थोडक्यात. तलाठ्याचा मंडळ अधिकारी होतो म्हणजे सर्कल, मग नायब तहसीलदार, मग तहसीलदार. आधी विभागीय दुय्यम सेवा परीक्षा, मग महसूल अर्हता परीक्षा, त्या ठरलेल्या संधींत पास झाल्या नाहीत तर ज्येष्ठता मागे पडते आणि ती एकदा मागे पडली की पडली. मग ज्येष्ठता यादी, बिंदुनामावली म्हणजे आरक्षणाचा क्रम, दरवर्षीचे गोपनीय अहवाल, मत्ता-दायित्वाचं विवरण, आणि या सगळ्यानंतर पदोन्नती समिती बसणार ती कधी बसेल ते बसेल. अंगावर विभागीय चौकशी असेल तर तुमच्या पदोन्नतीचा निकाल मोहोरबंद पाकिटात जातो. मी दोन्ही परीक्षा वेळेत दिल्या, रात्री पोरगी झोपल्यावर जमीन महसूल संहिता 1966 घेऊन बसायचे. एवढं करूनही सर्कल व्हायला 2011 उजाडलं. जे बाहेरून स्पर्धा परीक्षा देऊन थेट नायब किंवा तहसीलदार होतात त्यांच्याबद्दल मला अजिबात राग नाही, त्यांची मेहनत मोठी आहे, पण आमचा रस्ता वेगळा आहे आणि त्यात वाट बघणं हेसुद्धा कामच आहे हे नवीन पोरांना कुणी सांगत नाही.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. तलाठी असताना माझ्या हातून एक चूक झाली, ती मी कधी विसरले नाही आणि आज मी अधिकारी म्हणून जशी आहे ती बरीचशी त्या चुकीमुळे आहे.

नोकरीचं तिसरं-चौथं वर्ष असेल. एका गावात खातेदार वारले. दोन मुलं वारस नोंदीचा अर्ज घेऊन आली, सोबत मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, त्यात वारस म्हणून आई आणि दोन मुलं. मी नमुना 6क ला, म्हणजे वारस नोंदवहीला घेतलं, मग फेरफार धरला, चावडीवर नोटीस लावली, 15 दिवसांत कुणाची हरकत नाही, सर्कल साहेबांनी नोंद प्रमाणित केली, सातबाऱ्यावर नावं लागली. कागद सगळे बरोबर.

दीड-दोन वर्षांनी एक बाई चावडीच्या दारात उभी. मयताची मुलगी. सासरी दिलेली, दोन तालुके ओलांडून एसटीने आलेली, पदरात काहीच नाही, नवरा आजारी. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, ताई, तुम्ही बाई आहात, तुम्हाला पण नाही का वाटलं विचारावं की बहीण आहे का म्हणून?

मला वाटलं होतं. हेच तर सांगायचंय. अर्ज घेताना माझ्या मनात आलं होतं की विचारावं, आणि मी विचारलं नव्हतं, कारण गावात तेव्हा बहिणीचं नाव लावायचं म्हटलं की कपाळाला आठ्या पडायच्या, लग्नात दिलं की सगळं, आता जमिनीत कशाला. कायद्यात 1956 पासून मुलगी बापाची वारस आहे, मला ते माहीत होतं, परीक्षेला लिहिलंही होतं. आणि चावडीवरची नोटीस दोन तालुके लांब सासरी असलेल्या बाईला कशी दिसणार, हे मला कळायला हवं होतं.

मग दुरुस्ती करा म्हटलं तर ती माझ्या हातात नव्हती. लेखनातली चूक असेल तर कलम 155 खाली तहसीलदार दुरुस्त करू शकतात, पण वारसच वगळलाय ही काही लेखनातली चूक नाही. नोंद प्रमाणित झालेली, म्हणजे प्रांतांकडे, उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, कलम 247 चं अपील, त्यात मुदत उलटून गेलेली म्हणून आधी विलंब माफीचा अर्ज, मग नोटिसा, मग तारखा. मी तिला अर्ज लिहून दिला, नकला काढून दिल्या, सुनावणीत खरं ते सांगितलं. नाव लागायला अडीच वर्षं गेली. माझ्या एका न विचारलेल्या प्रश्नामुळे ती बाई अडीच वर्षं एसटीचे धक्के खात प्रांत ऑफिसला येत होती, आणि दरवेळी मला भेटून जायची, बोलायची चांगलं. ते जास्त लागायचं.

सर्कल झाल्यावर हातात प्रमाणित करायची सही आली, 6 सजांची. 2017 ला सातबारा ऑनलाइनचं काम जोरात होतं, कॉम्प्युटरवरचे सातबारे गावात वाचून दाखवायचे, चावडी वाचन, आणि लोक सांगतील त्या चुका टिपून दुरुस्त करायच्या. दिवसा सर्व्हर चालायचा नाही, आमचे तलाठी रात्री 1-2 वाजता उठून एन्ट्री करायचे, मी पण जागी, फोनवर. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दुसऱ्याचं काम तपासणं हे स्वतः करण्यापेक्षा अवघड असतं. स्वतःच्या वहीत चूक कुठे असेल हे आपल्याला आतून माहीत असतं, दुसऱ्याच्या वहीत माणूस वाचावा लागतो. माझा एक तलाठी कधीच चुकायचा नाही, सगळे आकडे जुळलेले, मला त्याचीच काळजी वाटायची, आणि गावात जाऊन बघितलं तर पीक पाहणी घरात बसून भरलेली. त्याला मी सगळ्यांसमोर काही बोलले नाही, त्याच्याबरोबर दोन दिवस शिवार फिरले. तो आज चांगला सर्कल आहे.

2018 ला नायब झाले आणि जिल्हा सुटला. नायबची ज्येष्ठता विभागाची, म्हणजे अनेक जिल्ह्यांची मिळून असते त्यामुळे पोस्टिंग कुठेही. मुलगी दहावीला, सासूबाई आजारी, यजमान म्हणाले जा तू, आम्ही बघतो. इथेच खूप जण थांबतात, विशेषतः बायका, पदोन्नती नाकारतात, आणि त्याला कुणी कमी हिंमत म्हणू नये. माझ्याच बॅचचा एक मित्र आई अंथरुणाला खिळलेली म्हणून थांबला, तो अजून सर्कल आहे, आणि नशीब असं की 2024 ला मी तहसीलदार होऊन ज्या तालुक्यात आले तिथे तो होता. पहिल्या मिटिंगला तो उभा राहिला आणि म्हणाला, नमस्कार मॅडम. आम्ही दोघांनी एकाच डब्यातलं खाऊन परीक्षेचा अभ्यास केलेला. मला पुढचा शब्द सुचेना. नंतर केबिनमध्ये आला, दार लोटलं आणि म्हणाला, ताई, बाहेर मी मॅडमच म्हणणार, नाहीतर बाकीच्यांना शिस्त राहणार नाही. ही त्याची मोठी मदत होती, अशी मदत कुठल्या जीआरमध्ये नसते.

तहसीलदार झाल्यावर मी काय चुकले तेपण सांगते. पहिल्याच पावसाळ्यात अतिवृष्टी झाली, मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की अतिवृष्टी धरतात, आमच्या 2 मंडळांत त्याच्या कितीतरी वर गेला. मी सवयीने बूट घालून शेतात. एका गावात चिखलात उभी राहून तलाठ्याच्या शेजारी मीच पंचनामा लिहितेय, 33 टक्क्यांच्या वर नुकसान आहे का ते बघतेय, आणि तिकडे रेंज नाही. संध्याकाळी ऑफिसला आले तर नायब म्हणाले, मॅडम, ओढ्यापलीकडच्या वस्तीचा रस्ता तुटलाय, कलेक्टर ऑफिसचे 11 फोन येऊन गेले, बोट मागवायची की नाही हे ठरवणारं इथे कुणी नव्हतं. वस्तीवरची माणसं सुखरूप निघाली, गावातल्या पोरांनी काढली. पण त्या रात्री मला झोप आली नाही. मी जे उत्तम येतं ते करत बसले होते, आणि जे फक्त माझ्या खुर्चीलाच करता येत होतं ते कुणीच केलं नव्हतं. तलाठीपण सोडायला मला सगळ्यात जास्त त्रास झाला, परीक्षांपेक्षाही. आता अशा वेळी मी ऑफिसमध्ये बसते, 2 फोन आणि तालुक्याचा नकाशा, आणि शिवारात जायला पाय शिवशिवत असतात तरी बसते.

एक गोष्ट मात्र खालून सोबत आणली ती सोडली नाही. इथे आल्यावर पहिल्या महिन्यातच सगळ्या सर्कल-तलाठ्यांना सांगितलं, वारस अर्ज आला की मुली किती, कुठे दिल्यात, हे पोलीस पाटलांना आणि भावकीबाहेरच्या दोघांना विचारायचं, आणि सासरच्या पत्त्यावर नोटीस गेल्याशिवाय नोंद प्रमाणित करायची नाही. सुरुवातीला कुरकुर झाली, मॅडम पेंडन्सी वाढेल, आढाव्यात आपला तालुका खाली दिसेल. दिसला. दोन आढाव्यांत मला उभं राहून उत्तर द्यावं लागलं, मी दिलं, ते देणं माझं काम आहे, तलाठ्याचं नाही.

ती नवीन मुलगी काल परत आली होती. हातात वारसाचा अर्ज. म्हणाली, मॅडम, अर्जात 3 मुलंच आहेत, पण पोलीस पाटील म्हणतात एक बहीण आहे, पुण्याकडे कुठेतरी दिलीय, भाऊ पत्ता देत नाहीत, आणि रोज येऊन बसतात नोंद कधी घेता म्हणून. काय करू?

मी म्हटलं बस आधी. मग आम्ही दोघींनी तिच्या गावची मतदार यादी काढली, त्या बहिणीच्या मामाचं गाव कुठलं ते शोधलं, तिथल्या तलाठ्याला फोन लावला. मामांनी पत्ता दिला. तिने तो अर्जाच्या मागे पेन्सिलने लिहून घेतला आणि म्हणाली, आजच्याच टपालात नोटीस घालते.