सागाचं टेबल आणि आठ स्क्रू

मागच्या पावसाळ्यात हौसेने केलेलं सागाचं डायनिंग टेबल. काल रात्री जेवताना ‘कट्’ असा आवाज आला. आईला वाटलं, पापड मोडला. सकाळी बघतो तर वीतभर चीर. पुण्यातला एप्रिल, दुसरं काय!

चूक माझीच. वरच्या फळ्या खालच्या चौकटीला आठ स्क्रूंनी गच्च आवळल्या होत्या. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आखडतं. तीन फूट रुंदीला ४-५ मिलिमीटर तरी मोकळीक हवीच. पॉलिशने ते थांबत नाही, फक्त सावकाश होतं.

आज सगळे स्क्रू काढले. शेवटचा सुटला तशी फळी किंचित सरकली आणि चीर डोळ्यांदेखत अर्धी मिटली! मधली दोन भोकं तशीच ठेवली, कडेची सहा कानशीने रुंदीच्या दिशेने लांबट केली, वॉशर घालून बेताने आवळली.

आजोळच्या दारांमधल्या फळ्या खाचेत नुसत्या बसवलेल्या असायच्या, खुळखुळायच्या. मला वाटायचं, सुताराने काम कच्चं केलंय.

उरलेली चीर आत्ता भरत नाही. जुलैत बघू.