तिघांचं नाव एकच

आज कॉलवर माद्रिदचा हुआन, बल्गेरियातल्या सोफिया शहरातला इव्हान आणि आपला मडगावचा जुआंव. मी हजेरी घेतल्यासारखी नावं वाचली तर जुआंव फिस्सकन हसला, "अरे, आमची तिघांची नावं एकच आहेत रे!"

मला काही कळेना. मग म्हणाला मूळ हिब्रू योहानान, म्हणजे देवाने कृपा केली, तेच इंग्रजीत जॉन, इटालियनमध्ये जोव्हान्नी झालं, आणि बाप्तिस्मा देणारा जो योहान त्यालाच कुराणात याह्या म्हणतात. २४ जूनला गोव्यात डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात ना, ते सांजांव पण त्याचंच! आणि मी तिथे जाऊन नुसते फोटो काढून आलेलो.

हुआनला मात्र विहिरीचंच पडलेलं. "खोल असते का?"